वकीलपत्र आणि लोकनेतृत्व : मुंबई हायकोर्टातील तीन बॅरिस्टरांच्या निमित्ताने

१

वकिलीचा व्यवसाय करून राजकारणात उतरलेल्या माणसाच्या शब्दावर समाजाने विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दोन ठाम उत्तरे दहा वर्षांच्या अंतराने दिली गेली. पहिले उत्तर गांधीजींचे. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात त्यांनी वकिलांवर एक सबंध प्रकरण खर्ची घातले. भांडणे वाढण्यातच वकिलाचे हित असते; हिंदु-मुसलमानांमधील वैर वकिलांनी वाढविले; इंग्रजांची सत्ता त्यांच्या न्यायालयांमुळे रुजली आणि ती न्यायालये वकिलांच्या आधारावर उभी राहिली, असा त्यांच्या आरोपाचा मथितार्थ आहे. दुसरे उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे. १९१९ च्या जानेवारीत म्युनिक येथे दिलेल्या राजकारणविषयक व्याख्यानात त्यांनी नेमकी उलट बाजू मांडली. पक्षपद्धतीचे राजकारण म्हणजे हितसंबंधांची मांडणी, आणि अशीलाचा हितसंबंध परिणामकारक रीतीने मांडणे हेच वकिलाचे कसब. दुबळी बाजू वकील सबळ करून दाखवितो, हे खरे. परंतु सबळ बाजू सबळपणे मांडणेही त्यालाच साधते. सरकारी अधिकारी मात्र आपल्या अडाणी हाताळणीने चांगली बाजूसुद्धा वाया घालवितो. शिवाय वकिलाला आपला व्यवसाय सांभाळून राजकारणासाठी मोकळीक काढता येते, हा त्याचा आणखी एक लाभ.

ही दोन्ही मते आपल्या विद्यापीठीय चर्चांत वारंवार उद्धृत होतात. गांधीजींचे मत नैतिक म्हणून आणि वेबर यांचे व्यवहारी म्हणून सांगितले जाते, आणि विद्यार्थ्याने त्यांतील एक निवडावे अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही निवड मुळातच फसवी आहे. गांधीजी वकिलाच्या हेतूकडे पाहतात. वेबर त्याच्या कौशल्याकडे पाहतात. परंतु न्यायालयात वकिलाच्या शब्दाला जी विश्वासार्हता लाभते ती त्याच्या हेतूमुळेही नव्हे आणि कौशल्यामुळेही नव्हे. ती न्यायालयाच्या रचनेमुळे लाभते. तेव्हा वकील हा भला की बुरा, यापेक्षा ती रचना मागे टाकून तो राजकारणात येतो तेव्हा तिच्या जागी काय उभे करतो, हा खरा प्रश्न होय.

या दृष्टीने मुंबईचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. गांधी, जीना आणि आंबेडकर हे तिघेही लंडनच्या निरनिराळ्या ‘इन्स’मधून बॅरिस्टर झाले : गांधी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून, जीना १८९६ मध्ये लिंकन्स इनमधून, आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून. तिघांनीही मुंबई हायकोर्टात नाव नोंदविले. एकाच परंपरेत घडलेले हे तीन बॅरिस्टर पुढे तीन भिन्न मार्गांनी कोट्यवधी लोकांचे प्रवक्ते झाले, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धीही झाले.

२

प्रथम न्यायालयातील स्थिती पाहू. वकील उभा राहतो तेव्हा तो कोणाच्या वतीने बोलत आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे वकीलपत्र दप्तरात दाखल असते. समोर तितक्याच तयारीचा दुसरा वकील बसलेला असतो. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता अग्राह्य, याचे नियम ठरलेले असतात. न्यायाधीशाची दिशाभूल करण्याची त्याला मुभा नसते; आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा ठाऊक असूनही तो दडवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायधर्माचा भंग समजला जातो. आणि शेवटी निकाल त्याने द्यावयाचा नसतो. इतकी बंधने असल्यामुळेच त्याला एक मोठी सवलत दिलेली आहे : स्वतःला न पटलेली बाजूही त्याने पूर्ण ताकदीने मांडावी. या सवलतीला कोणी अप्रामाणिकपणा म्हणत नाही, कारण ती सर्वांना माहीत असलेली सवलत आहे.

या व्यवस्थेचा एक बोलका दाखला टिळकांच्या खटल्यांत सापडतो. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर बॅ. दिनशा दावर यांनी युक्तिवाद केला, आणि जामीन मिळाला. १९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांवर पुन्हा खटला झाला. या वेळी जामिनाचा अर्ज जीनांनी चालविला, आणि न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी अर्ज फेटाळला. टिळकभक्तांना हा प्रकार विश्वासघातासारखा वाटला आणि आजही वाटतो. परंतु काटेकोरपणे पाहिले तर अकरा वर्षांपूर्वीचा युक्तिवाद हा दावरांचा नव्हताच. तो टिळकांचा होता. न्या. दावर यांच्या निर्णयावर टीका करावयाची तर ती त्या निर्णयाच्या गुणावगुणांवरून करावी, बॅ. दावर यांच्या तोंडच्या जुन्या शब्दांवरून नव्हे.

हेच समर्थन दोन सहस्रकांपूर्वी सिसेरोने केले होते. इ. स. पूर्व ६६ मध्ये क्लुएन्टियस याच्या बचावासाठी तो उभा असता प्रतिपक्षाने त्याचेच एक जुने भाषण वाचून दाखविले. सिसेरोचे उत्तर असे होते की, वकिलाची भाषणे ही त्या त्या खटल्याची व प्रसंगाची असतात, माणसाची नसतात. न्यायालयापुरते हे उत्तर बिनतोड आहे. परंतु हाच सिसेरो तीन वर्षांनी रोमचा कॉन्सल झाला, आणि कॅटिलिनाच्या कटातील पकडलेल्या नागरिकांना त्याने रीतसर खटल्यावाचून देहान्त दिला. त्यापायी पुढे त्याला हद्दपारी भोगावी लागली. रोममधील सर्वश्रेष्ठ वकिलाने, सत्ता हाती येताच, आपल्या व्यवसायाचा प्राण असलेली गोष्टच, म्हणजे आरोपीला मिळणारी बचावाची संधी, बाजूस सारली. न्यायालयाची शिस्त ही वकिलाच्या अंगी मुरलेली असेलच असे नाही. ती पुष्कळदा केवळ न्यायालयाच्या भिंतींत असते, हे यावरून दिसते.

३

येथे एक आक्षेप संभवतो. राजकारणातही प्रतिपक्ष आहे, वृत्तपत्रे आहेत, मतदार हा न्यायाधीश आहे. मग न्यायालयात आणि राजकारणात फरक तो काय? फरक मोठा आहे. मतदाराचा निकाल वर्षानुवर्षांनी लागतो आणि तो एकाच वेळी शंभर प्रश्नांवर लागतो. व्यासपीठावरील विधानाला पुराव्याचा कायदा लागू नाही. विरुद्ध पुरावा दडवला म्हणून पुढाऱ्याची सनद जात नाही. सर्वांत महत्त्वाचे हे की, नेता कोणाच्या वतीने बोलतो हे दाखविणारे वकीलपत्र कोठेही दाखल नसते. तो ‘जनते’च्या, ‘राष्ट्रा’च्या, ‘समाजा’च्या नावाने बोलतो, आणि हे अशील असे असते की ते न्यायालयात उठून ‘हा माझा वकील नव्हे’ असे सहसा म्हणू शकत नाही.

दुसरा एक सोपा मार्ग अनेकांना सुचतो : ज्याने व्यवसायात सज्जनांची बाजू घेतली तो विश्वासार्ह, दुर्जनांची घेतली तो अविश्वासार्ह. अब्राहम लिंकन यांचे उदाहरण हा मार्ग बंद करते. १८४१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी एका कृष्णवर्णी स्त्रीच्या स्वातंत्र्याचा पक्ष जिंकून दिला. १८४७ मध्ये त्याच राज्यात आपल्या पळालेल्या गुलामांवर हक्क सांगणाऱ्या एका मळेवाल्याच्या बाजूने ते उभे राहिले आणि हरले. या दोन खटल्यांवरून १८६३ च्या मुक्ति-घोषणेचे भाकीत कोणालाही करता आले नसते. अशिलांची यादी तपासून नेत्याची पारख होत नाही.

मग पारख कशाने व्हावी? न्यायालयाची जी तीन बंधने राजकारणात गळून पडतात, ती नेता स्वतःवर घालून घेतो काय, हे पाहावे. पहिले, आपण कोणाचे वकीलपत्र घेऊन बोलत आहोत हे तो उघड करतो काय, आणि त्या पक्षकाराला ते नाकारण्याची संधी देतो काय? दुसरे, जी मागणी मान्य झाल्यास आपणास पेलणार नाही अशी मागणी तो करतो काय? तिसरे, विरुद्ध निकाल सोसण्याची, अथवा पटेनासे झाल्यास वकीलपत्र परत करण्याची त्याची तयारी आहे काय? या तीन कसोट्या आपल्या तीन बॅरिस्टरांना लावून पाहू.

४

जीना हे तिघांत व्यवसायाने सर्वांत यशस्वी. १९१६ मध्ये टिळकांच्या बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांवरून त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला, तेव्हा हायकोर्टात जीनांनी तो हुकूम रद्द करून घेतला. स्वराज्याची मागणी व राज्ययंत्रणेवरील टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, ही भूमिका न्यायालयाकडून मान्य करून घेणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षअखेर झालेल्या लखनौ करारात अशील आणि वकील दोघेही सहभागी होते. त्या जीनांविषयी हिंदु-मुसलमान दोघांना विश्वास वाटत होता, आणि तो अस्थानी नव्हता.

पुढील जीनांचे राजकारण मात्र हळूहळू एका मोठ्या दाव्याचे रूप घेते. २३ मार्च १९४० च्या लाहोर ठरावातील शब्दयोजना एखाद्या कुशल वकिलाच्या कैफियतीसारखी आहे : मागणी भव्य, तपशील संदिग्ध. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जीना वाटाघाटी मुंबईत, जीनांच्या मलबार हिलवरील घरी झाल्या. तेव्हाचा पत्रव्यवहार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गांधीजी विचारीत राहिले की, ठरावाचा नेमका अर्थ काय, सीमा कोणत्या, दोन राज्यांचे परस्परसंबंध कोणते. जीना विचारीत राहिले की, आपण कोणाच्या वतीने बोलत आहात. दोन बॅरिस्टर समोरासमोर बसले होते. एक दाव्याचा तपशील मागत होता, दुसरा वकीलपत्र मागत होता, आणि दोघांनाही हवे ते मिळाले नाही.

न्यायालयात अधिक मागून कमी पदरात पाडून घेणे ही सर्वमान्य रीत आहे. तेथे ती निरुपद्रवी ठरते, कारण वाजवी काय ते न्यायाधीश ठरवितो. जीनांना अखंड पाकिस्तान खरोखर हवे होते, की केंद्रात समान वाटा मिळविण्यासाठी ते एक सौदा करीत होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आयेशा जलाल यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात सौद्याचा पक्ष मांडला. वेंकट धुलिपाळ यांनी २०१५ मध्ये, संयुक्त प्रांतातील प्रचाराचा पुरावा देऊन, पाकिस्तानची कल्पना अस्पष्ट नव्हती असे प्रतिपादन केले. या वादाचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की, वादी हयात असताना आणि त्यानंतर कित्येक दशके उलटल्यावरही त्याची खरी मागणी कोणती होती हे ठरविता येत नाही. जूनमध्ये लीगने त्रिमंत्री योजना स्वीकारली आणि २९ जुलै १९४६ रोजी तो स्वीकार मागे घेतला. त्याला काँग्रेसच्या नेत्यांची, विशेषतः १० जुलै रोजी मुंबईत वार्ताहरांपुढे नेहरूंनी केलेल्या विधानांची, मोठी चिथावणी होती, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. नेहरूही बॅरिस्टरच होते. आपल्या स्वीकृतीचा अर्थ मागाहून आपल्याला सोयीचा लावणे, हेही वकिली वळणच होय.

राजकारणात न्यायाधीश नसतो, म्हणून तेथे फुगविलेली मागणीच कधी कधी हुकूमनामा होऊन बसते. १९४७ मध्ये अखेर न्यायाधीशासारखा एक माणूस आणण्यात आला : सर सिरिल रॅडक्लिफ, तेही बॅरिस्टर. पूर्वी कधी हिंदुस्थानात न आलेले हे गृहस्थ ८ जुलै रोजी येऊन पोहोचले. सीमा-मंडळांपुढे वकिलांचे युक्तिवाद झाले. आणि १७ ऑगस्ट रोजी निवाडा प्रसिद्ध झाला. सात वर्षे ज्या दाव्याचा तपशील दिला गेला नाही त्याची मोजणी पाच-सहा आठवड्यांत आटोपली. तिची किंमत पंजाब व बंगालमधील ज्या माणसांनी दिली, त्यांची सही कोणत्याच वकीलपत्रावर नव्हती.

५

गांधीजींचे चरित्र वरवर पाहता या सर्वाचे उत्तर वाटते. दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला व तय्यब शेट या नातलग व्यापाऱ्यांचा दावा त्यांनी लवादाकडे नेला, आणि हरलेल्या पक्षाला रक्कम हप्त्यांनी फेडता यावी म्हणून आपल्याच अशीलाचे मन वळविले. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हे वकिलाचे खरे काम, हा धडा आपण तेथे शिकलो, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे.

तिसऱ्या कसोटीवर तर ते तिघांत सर्वांत खरे उतरतात. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे न्या. ब्रूमफील्ड यांच्यापुढे त्यांनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला. मुंबई, मद्रास व चौरीचौरा येथील हिंसेची जबाबदारी सरकारी वकिलाने त्यांच्या माथी मारली, तीही त्यांनी झिडकारली नाही. न्यायाधीशाने टिळकांच्या खटल्याचा उल्लेख करून तितकीच, सहा वर्षांची, शिक्षा दिली. त्याच वर्षी इनर टेंपलने त्यांचे नाव पटावरून काढून टाकले; ते मरणोत्तर, १९८८ मध्ये, पुन्हा दाखल करण्यात आले. १९०८ मध्ये टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. सुमारे एकवीस तास ते बोलले, सरकारी भाषांतराच्या चुका त्यांनी शब्दशः दाखविल्या. म्हणजे न्यायालयाच्या नियमांनी ते लढले आणि शिक्षा सोसली. गांधीजींनी लढणेच नाकारले. दोघांच्या बाबतीत वकील आणि अशील एकच होते, आणि शब्दाची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजली. लोकांचा त्यांच्यावरील विश्वास येथून उगम पावतो, वाक्पटुत्वातून नव्हे.

परंतु पहिली कसोटी लावली की चित्र पालटते. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी, अस्पृश्यांच्या विशाल समुदायाचे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो, असा दावा केला. समोर त्याच समाजातील एक बॅरिस्टर बसलेला होता, आणि तो हा दावा साफ नाकारीत होता. पक्षकार न्यायालयात उपस्थित राहून ‘हा माझा वकील नव्हे’ असे सांगत असतानाही वकीलपत्राचा हट्ट न सोडणे हे कोणत्याही न्यायालयात चालले नसते. १९४४ मध्ये जीनांनी मुसलमानांच्या बाबतीत जो एकमेव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला, त्याच जातीचा हा आग्रह होता. फरक इतकाच की, वकिली सोडलेल्या माणसाने तो धरला होता.

यावरून ‘हिंद स्वराज्या’तील टीकेची मर्यादा स्पष्ट होते. व्यवसाय टाकला म्हणजे त्यातील दोष गेला, असे नाही. जोडण्याच्या वकिलीलाही एक मर्यादा आहे. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेट हे तुल्यबळ होते. तेथे लवाद न्याय्य ठरला. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यास तुल्यबळ पक्ष नव्हते. एका बाजूला प्राणांतिक उपोषण होते, दुसऱ्या बाजूला त्या प्राणांची जबाबदारी ज्याच्या माथी येणार असा एक अल्पबळ समाज होता. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा याची चर्चा अद्याप संपलेली नाही. परंतु जेथे एका पक्षाला ‘नाही’ म्हणणे अशक्यप्राय केलेले असते, तेथे जोडणे आणि नमविणे यांतील अंतर फार थोडे उरते, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

६

आंबेडकरांची वकिली उत्पन्नाच्या दृष्टीने कधीच मोठी झाली नाही. परंतु त्यांनी चालविलेले काही खटले त्यांच्या सार्वजनिक भूमिकेशी विलक्षण जुळतात. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या, टिळक-चिपळूणकरांवर जहरी टीका करणाऱ्या पुस्तिकेच्या प्रकरणी जेधे-जवळकर प्रभृतींचा बचाव त्यांनी केला व अपिलात त्यांना सोडवून आणले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते उभे राहिले आणि हरले. तथापि, लिंकनच्या उदाहरणाने आपण ज्या मोहापासून सावध झालो तो येथेही टाळावयास हवा. या खटल्यांवरून आंबेडकरांची थोरवी सिद्ध करू नये. ती त्यांच्या राजकीय वर्तनावरून तपासावी.

पहिल्या कसोटीवर ते निःसंदिग्धपणे उतरतात. घटना समितीच्या कामाच्या अखेरीस, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, आपण या सभेत अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे मोठी आकांक्षा धरून आलो नव्हतो, असे त्यांनी उघड सांगितले. मसुद्याचे श्रेय बेनेगल नरसिंह राव व इतर सहकाऱ्यांना दिले. आपले स्वतःचे मत काय होते हेही त्यांनी झाकले नव्हते : शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ मध्ये त्यांनी सादर केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, स्वतंत्र मतदारसंघ असावेत, अशा मागण्या होत्या. घटनेत त्या आल्या नाहीत. म्हणजे कोणती बाजू त्यांची स्वतःची आणि कोणती समितीच्या वतीने मांडलेली, हे पडताळून पाहण्याचे साधन त्यांनीच वाचकाच्या हाती ठेवले आहे.

तिसऱ्या कसोटीचा प्रसंग १९५१ मध्ये आला. हिंदू कोड बिल बाजूस पडते आहे असे दिसताच त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. इतर कारणेही त्यांनी सांगितली. परंतु या बिलाविषयीची निराशा त्यांत प्रमुख होती. पटेनासे झालेले वकीलपत्र परत करण्याचा नेत्याच्या हाती असलेला मार्ग राजीनामा हाच होय.

परंतु एका ठिकाणी आंबेडकरांचे वर्तनही आपल्या कसोटीला अडचणीत टाकते. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत ते बोलून गेले की, घटनेचे काम आपण भाडोत्री लेखकासारखे, सांगितले तसे, पुष्कळ अंशी मनाविरुद्ध केले. आणि ती जाळावयास आपण पहिले पुढे होऊ. १९५५ मध्ये याच सभागृहात त्यांनी आपल्या बोलण्याचा उलगडा केला : देवासाठी बांधलेल्या मंदिरात असुरांनी ठाण मांडले तर दुसरे काय करावे, असा त्यांचा आशय होता. आंबेडकरांचे अनुयायी पहिले विधान विसरू पाहतात, विरोधक दुसरे. टीकाकाराने दोन्ही समोर ठेवली पाहिजेत. १९५३ चे उत्तर हे मूलतः सिसेरोचे उत्तर आहे : ते शब्द प्रसंगाचे होते, माझे नव्हेत. न्यायालयात ते शोभते. परंतु ज्या मसुद्याचे कलमन्कलम आपण सभागृहात तेजस्वीपणे पुरस्कारिले, त्याविषयी असे म्हणण्याची मोकळीक नेत्याला नाही. कारण सभागृहाने आणि देशाने त्या शब्दांवर, ते त्याचे स्वतःचे म्हणून, विश्वास ठेवलेला असतो. आंबेडकरांची सुटका करणारी गोष्ट इतकीच, आणि ती लहान नाही, की १९४७ चे निवेदन आधीच प्रसिद्ध होते, १९५१ चा राजीनामा मागाहून आला होता, आणि १९५३ च्या उद्गारांचा जाब त्यांनी १९५५ मध्ये टाळला नाही. जो माणूस आपल्या शब्दांतील विसंगती स्वतःच दप्तरात दाखल करतो, त्याच्यावरील विश्वास त्या विसंगतीने नष्ट होत नाही.

७

या विवेचनाचा निष्कर्ष गांधीजींचाही नाही आणि वेबर यांचाही नाही. वकिली ही अविश्वासाची खूण नव्हे. तशीच ती नेतृत्वाची तयारीही नव्हे. तीत एक सवलत आहे आणि एक शिस्त आहे. न पटलेले बोलण्याची सवलत जो न्यायालयाच्या दाराशी ठेवून येतो आणि दुसरी बाजू ऐकण्याची, पुरावा दाखविण्याची, निकाल सोसण्याची शिस्त बरोबर आणतो, तो वकील विश्वासास पात्र होय. आपत्ती ओढवते ती याच्या उलट घडते तेव्हा.

ही गोष्ट अवघड असली तरी अशक्य नाही, याचा एक दाखला मुंबईच्याच वकीलवर्गात आहे. जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणूक-अपिलात तात्पुरत्या स्थगितीसाठी नानी पालखीवाला सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली जाताच त्यांनी वकीलपत्र परत केले. अशील बदलले नव्हते, कायद्याचा मुद्दाही बदलला नव्हता. न्यायालयाबाहेर त्या अशीलाने काय केले, ते बदलले होते. वकिलाला इतके स्वातंत्र्य असते. नेत्याला ते त्याहून महाग पडते, कारण त्याचे पद, पक्ष आणि अनुयायी हेच त्याचे अशील असते.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेत सुमारे एक-तृतीयांश सदस्य वकील होते. पुढे हे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि त्याबद्दल काही जण समाधान, तर काही खेद व्यक्त करतात. वरील विवेचन ग्राह्य असेल तर दोहोंना फारसे कारण नाही. वकील कमी झाले म्हणून वकिली बोलणे कमी झालेले नाही. वकीलपत्रावाचून लोकांच्या नावाने बोलण्याची रीत आज सनद नसलेल्यांनाही चांगलीच अवगत आहे. न्यायालयात न्यायाधीश जे प्रश्न पक्षकारांसाठी विचारतो, ते राजकारणात पक्षकारालाच विचारावे लागतात : तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? जे मागता ते उद्या दिले तर पत्कराल काय? आणि निकाल विरुद्ध गेला, तर त्याची किंमत तुम्ही द्याल की आम्ही? पुढारी वकील असो वा नसो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्याचे भाषण हा केवळ युक्तिवाद समजावा; त्याला वचन समजू नये.